नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच

अकराव्या वर्षी मी अण्णाच्या बरोबरीला आले आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यावरून पलीकडचं बघू लागले. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. दुबलगुंडीत आमची शेती होती, ज्वारी आणि तूर. घरात शिंक्यावरचं काही काढायचं असलं की अप्पा मला हाक मारायचे. मी टाचा न उचलता काढून द्यायची. अप्पांना त्याचं कौतुक होतं. त्यांची आई अशीच उंच होती म्हणे. मी तिला पाहिलेलं नाही.

अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, कौतुक नव्हतं. मला बघायला पहिली माणसं आली तेव्हा मी पाटावर बसले होते तोवर सगळं नीट चाललं होतं. नाव विचारलं, वाचता येतं का विचारलं. अप्पांनी मला घरीच बाळबोध अक्षरं शिकवली होती, ती मी वाचून दाखवली. मग मुलाची आई म्हणाली, "उभार बघू पोरी." मी उभी राहिले. त्या बाईची नजर माझ्याबरोबर वर येत गेली आणि एका जागी थांबली. माणसं जेवून गेली. चार दिवसांनी निरोप आला की जुळत नाही. दुसऱ्या ठिकाणाहूनही तसाच निरोप आला.

त्यानंतर अव्वानं माझी शिकवणी सुरू केली. पहिल्यांदा तिनं डोक्यावरच्या घागरी बंद केल्या. मी दोन घागरी एकावर एक ठेवून आडावरून यायची, मान ताठ, हात मोकळे. अव्वा म्हणाली, आता कमरेवर एकच घागर आणायची. कमरेवर घागर घेतली की एक कुल्ला वर निघतो, अंग एका बाजूला लवतं, बाई ठेंगणी दिसते. मग तिनं चालणं शिकवलं. भाकरी थापायला शिकवावं तसंच, न रागावता. माझ्या दोन्ही खवाट्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या, मधे तळवा ठेवायची आणि म्हणायची, "खांदे पुढं घे. हनवटी खाली. गुडघे सैल सोड."

"कामून अव्वा?"

"कामून म्हंजे? उंच पोरगी लांबून दिसती. जवळ आल्यावर बघावं लोकानी."

तिसरी माणसं आळंदची होती. त्यांनी मला चालायला लावलं. मी लुगड्याच्या आत गुडघे वाकवून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. मांड्या भरून आल्या होत्या, पण लुगडं हललं नाही. लग्न ठरलं. मला चौदावं चालू होतं.

अक्षतांच्या वेळी नवरदेवाच्या पायाखाली दोन पाट होते आणि माझ्या पायाखालचा काढून घेतला होता. हे सगळं अव्वानंच आदल्या दिवशी कुणाशी तरी बोलून ठरवलेलं. तरीही चार बोटांचं अंतर राहिलंच. नवरदेवानं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, असं मला आता वाटतं.

आळंदला आमचं घर तुरीच्या दुकानाच्या मागे होतं. दुकानात कानडी, घरात मराठी आणि कुणी अंमलदार आला की उर्दू, असं सगळ्यांनाच यायचं. घरातली माणसं सगळी ठेंगणी, दारंही त्यांच्या मापाची. सासूबाई माझ्या काखेपर्यंत होत्या. मी त्यांना आत्या म्हणायची. पहिल्या आठवड्यात मी अंगणात दोरीवर लुगडं वाळत घालत होते, हात वर, टाचा टेकलेल्या. मामंजी दुकानातून आत आले आणि तसेच मागे फिरले. आत्या माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "थोरल्या माणसापुढं असं ताठ उभारूने पोरी. मान उंच केल्यासारखं दिसतंय."

मी म्हणाले, व्हय. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती दोरी खाली बांधली होती.

नवऱ्यानं मला उंचीवरून एक शब्द कधी बोलून दाखवला नाही. हे खरं आहे, ते सांगितलंच पाहिजे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं बाजारातून येत होतो. पोत्यांवर बसलेला एक हमाल म्हणाला, "सावकार, सावलीला झाड संगं घेऊन निघालाव का?" आजूबाजूचे हसले. नवराही हसला. पण त्यानंतर तो माझ्या पुढे दहा पावलं चालायला लागला, आणि त्या दिवसापासून मला वाक म्हणून कुणी सांगायची गरज उरली नाही. मी आपोआप वाकायची. एका पायावर भार, एक कुल्ला बाहेर, खांदे छातीवर ओढलेले, हनवटी पुढे. झोपतानाही मी तशीच मुटकुळं करून झोपायची.

दिवसभराचं कामही खाली बसूनच. तुरीला तेलपाणी लावून वाळवायची, मग जात्यावर भरडायची, मग सुपात घोळून टरफल काढायचं. चूल जमिनीवर, काटवट जमिनीवर. सकाळी बसले की उन्हं डोक्यावर येईपर्यंत माझी पाठ सरळ होत नसे. फक्त शिवपूजेच्या वेळी ती सरळ व्हायची. डाव्या तळव्यावर गळ्यातलं लिंग घेऊन नजर त्यावर ठेवायची, तर तळवा छातीशी यावा लागतो आणि माणूस ताठ बसतो. तेवढा वेळ मला कुणी काही म्हणत नसे. मी पूजेला जरा जास्तच वेळ लावायची. आत्यांना वाटायचं, सून भाविक आहे.

दुसऱ्या बाळंतपणानंतर दुखायला लागलं. आधी दुपारनंतर, दोन्ही खवाट्यांच्या मधे कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. मग कमरेत. मग एका पायात पोटरीपर्यंत मुंग्या. सकाळी उठताना एकदम उठता येईना. आधी कुशीवर व्हायचं, हातानं जमीन रेटायची, भिंतीतली खुंटी धरायची आणि मग उभं राहायचं. खोकला आला तर आधी काहीतरी पकडून ठेवायची.

आत्यांनी माझं फार केलं. रोज संध्याकाळी मीठ तव्यावर तापवून, फडक्यात बांधून त्या माझी पाठ शेकायच्या. एरंडेल कोमट करून चोळायच्या. बिब्ब्याचे ठिपके दिले, ते उतले, त्याची खूण अजून आहे. एका म्हाताऱ्याला बोलावून विळा तापवून कमरेवर डागही देववला, आणि तो देताना माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या. ओरडू नको गं, म्हणत माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. ज्या हातांनी त्या शेकायच्या, त्याच हातांनी दुसऱ्या दिवशी कुणी पाहुणा आला की मला खूण करायच्या, तळवा जमिनीकडे करून, खाली. त्यांना या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कधी दिसलं नाही. मलाही दिसलं नव्हतं.

बांगड्या भरायला एक मुसलमान बाई यायची. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेली. अशा माणसानं लाथ मारली की कमरेतली उसण जाते, असा आमच्याकडे समज. आत्यांनी तिला गळ घातली. मी उंबऱ्याशी ओणवी झाले. तिनं आधी हातानं पाठीचा कणा वरून खाली चाचपून पाहिला आणि पाय उचललाच नाही.

"अम्मा, ये मेरी लात का दरद नईं," ती आत्यांना म्हणाली. "उसन एकदम आती, एकदम जाती. ये तो बरसों से चल के आया सो है."

आत्या नाराज झाल्या. त्यांच्या समाधानासाठी तिनं टाचेनं तीनदा हलकं टेकवल्यासारखं केलं आणि बांगड्यांची माळ खांद्याला लावून निघून गेली. माझ्या दुखण्याबद्दल पहिलं खरं वाक्य तिच्या तोंडून आलं.

पंचमीला अण्णा मला न्यायला आला. तोवर तो बीदरला एका कचेरीत कारकून झाला होता आणि तिथंच बिऱ्हाड करून राहत होता. मला दारात बघून त्यानं आधी ओळखलं नाही. मग म्हणाला, "काय गं हे? म्हातारी झालीस का?" मी तेव्हा चोविशीचीही नव्हते. त्यानं आत्यांना विचारून, मुलं त्यांच्याजवळ ठेवून मला बीदरला नेलं. मोटारीच्या धक्क्यांनी माझा जीव जात होता आणि मी खिडकीची दांडी धरून अर्धी उभी राहिले होते.

दवाखान्यात बायकांसाठी एक डॉक्टरीणबाई होत्या. परमुलखातल्या, उर्दू बोलणाऱ्या, आणि इतक्या बुटक्या की माझी मान तपासायला त्या स्टुलावर चढल्या. त्यांनी मला चुन्यानं रंगवलेल्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा भिंतीला, कुल्ले भिंतीला, खांदे भिंतीला, डोकं भिंतीला. खांदे लागले नाहीत. डोकंही लागलं नाही. डोकं आणि भिंत यांच्या मधे त्यांनी आपली मूठ घातली, ती आरपार गेली.

"क्या उठाते तुम?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, तूर भरडते, पाणी भरते. सगळ्या बाया करतात तेवढंच.

"नईं. ऐसेच खड़े रहते वक्त. तब क्यों झुकते?"

माझ्याबरोबर आलेल्या वैनीनं, म्हणजे अण्णाच्या बायकोनं, खाली बघत सांगितलं, "घरवाले इनसे छोटे हैं."

नर्स हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. स्टुलावर बसून त्यांनी मला सगळं समजावलं, वैनी मधेमधे मराठीत सांगत गेली. हाडाला काही झालेलं नाही. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या चकत्या. त्या नीट रचलेल्या असल्या तर डोक्याचा भार सरळ खाली उतरतो. मान पुढे काढली की तो भार मागच्या स्नायूंना दिवसभर ओढून धरावा लागतो. ते थकतात, आखडतात, दुखतात. पुढचे स्नायू आखूड होतात आणि मग सरळ व्हायचं म्हटलं तरी होऊ देत नाहीत. शेकून, चोळून बरं वाटेल, पण घटकाभर. दुखणं शेकण्याच्या जागी नाही, उभं राहण्यात आहे.

मग काय करायचं ते सांगितलं. सकाळ-संध्याकाळ शंभर मोजेपर्यंत भिंतीला लागून उभं राहायचं. उशी न घेता सतरंजीवर उताणं झोपायचं, खवाट्यांखाली लुगड्याची घडी घालायची, हात बाजूला पसरायचे. सूप मांडीवर घ्यायचं नाही, समोर उंचावर ठेवायचं. घागर कमरेवर घ्यायची नाही. बसलेल्या कामातून मधून मधून उठून चार पावलं चालायचं. आणि कुणी बघतंय न बघतंय, मान वर.

"अभी उमर है," त्या म्हणाल्या. "पर घर जा के फिर वैसीच रहे, तो आगे किसी के हाथ में नईं."

मी दीड महिना अण्णाकडे राहिले आणि त्यांनी सांगितलेलं एकही चुकवलं नाही. पहिले आठ दिवस जास्तच दुखलं. खवाट्यांखाली घडी घेऊन पडलं की छातीत काहीतरी फाटतंय असं वाटायचं. मग एकदा डोकं भिंतीला लागलं. वैनीनं मधे हात घालून पाहिला, जाईना. त्या दिवशी आम्ही किल्ल्याच्या बाजूला फिरायला गेलो. लाल माती, लाल दगड, आणि मी कुणालाही न शोधता सगळ्यांच्या डोक्यांवरून लांबवर बघत चालले होते. कंबर दुखत नव्हती. दुखत नाही हे मला थोडं चालल्यावर कळलं आणि मी थांबले. वैनी म्हणाली, "काय झालं?" मी म्हणाले, कायच न्हाई.

आळंदला परत गेले तेव्हा मी दारातून आत जाताना तेवढी वाकले आणि आत गेल्यावर सरळ झाले. आत्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तिला काय जातंय सांगायला? ती नांदायलीय का हितं?" पण सूप ठेवायला त्यांनीच मला एक रिकामी पेटी दिली. त्यांना माझं बरं व्हायला हवं होतं. फक्त माझी उंची नको होती.

चार-सहा आठवडे मी रेटलं. दुकानात येणारे लोक अंगणात डोकावून बघू लागले. मी आधीपेक्षा उंच झाले अशी बोलवा झाली. कुणीतरी म्हणालं, बीदरला औषध देऊन वाढवली. नवरा जाड तळाच्या वहाणा घालू लागला, पटका उंच बांधू लागला. एका संध्याकाळी मी भाकऱ्या करत होते तेव्हा तो चुलीजवळ येऊन बसला. असा तो कधी बसत नसे.

"तुला आता बरं हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय. पुष्कळ बरं हाय."

त्यानं एक काटकी चुलीत सारली. मग म्हणाला, "लोकं हसायलेत. मला सवय हाय. पर माझे अप्पा दुकानावर बसंनात आता. घरात तू नीट ऱ्हा. बाहीर तेवढं... थोडं."

त्यानं वाक हा शब्द उच्चारलाही नाही. रागावला असता तर मी कदाचित भांडले असते. तो विनवत होता, आणि विनवताना त्याला लाज वाटत होती. मी मान हलवली.

बाहेर थोडं म्हणजे काय? अंगण बाहेर, ओसरी बाहेर, आड बाहेर. घराच्या आत राहिली ती तुरीच्या पोत्यांची खोली. तिथं दार लोटून मी भिंतीला उभी राहायची आणि शंभर मोजायची. बाकी सगळा दिवस वाकलेला. दोनशे मोजून पाहिलं. शिवपूजा लांबवून पाहिली. पण दिवसाचे सगळे तास एकीकडे आणि ही घटकाभर एकीकडे. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी पुन्हा खुंटी धरून उठायला लागले.

मग काही वर्षांनी ते वाईट वर्ष आलं. रझाकारांच्या भीतीनं सरहद्दीकडची गावं उठत होती. आम्हीही दुकानाला कुलूप लावून, दोन गाड्या भरून सरहद्दीपलीकडे अक्कलकोटच्या बाजूला गेलो. तिथं पत्र्याचा एक आडोसा मिळाला, बाजूंना गोणपाट. पत्रा इतका खाली की नवऱ्यालाही मान वाकवावी लागे. भिंत नव्हतीच. कितीतरी महिने आम्ही सगळे तिथं ओणवे वावरलो. पहिल्यांदाच घरात माझ्यासारखी सगळी माणसं वाकलेली होती. दुखतं म्हणून सांगायलाही लाज वाटायची, कारण प्रत्येकाला काहीतरी होतंच. आत्यांना तिथं ताप आला. मी त्यांच्या उशाशी बसून पाय चेपायची, आणि त्या तापातही माझ्या पाठीवर हात ठेवून विचारायच्या, आज शेकलं का गं? त्या तिथंच गेल्या.

लष्कर आल्यावर राज्य गेलं आणि आम्ही आळंदला परतलो. मामंजी अंथरुणाला खिळले होते, हमाल बदलले होते, रस्त्यावर कुणाला कुणाकडे बघायची उसंत नव्हती. घर झाडून झालं त्या सकाळी नवरा अंगणात आला. मी सूप घेऊन बसले होते.

"आता सोड ते," तो म्हणाला. "कुणी न्हाई आता म्हणणारं. हो सरळ. मी बघतो कोण हसतंय ते."

मी सूप खाली ठेवलं आणि उठले. गुडघे सरळ झाले. कंबर थोडी झाली. त्याच्या वर काही होईना. मी जोर लावला तर तोंड आभाळाकडे झालं आणि पाठ जिथल्या तिथं राहिली. तो माझ्या मागे गेला, खांदे धरून हळूच मागे ओढून पाहिले, आणि सोडून दिले. आमचे डोळे आता एका पातळीवर होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. दुकानाकडे निघून गेला.

त्या वर्षी अण्णानं मला पुन्हा बीदरला नेलं. डॉक्टरीणबाई बदलून कुठं गेल्या कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. त्यानं मला भिंतीला उभं केलं नाही. पालथं झोपवून पाठीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, हे असंच घट्ट झालंय, आता वाढू नये एवढंच बघायचं. जड उचलू नका, कुशीवर झोपा, दोन गुडघ्यांमधे उशी घ्या. चोळायला तेल लिहून दिलं. मी विचारलं, तेव्हा बरं होत होतं, आता का नाही? तो चांगला मुलगा होता. त्यानं कागदावरून मान वर केली आणि म्हणाला, "तेव्हा का सोडलंत?"

कुशीवर झोपल्यानं आणि उशी घेतल्यानं थोडा फरक पडतो. तेलानंही पडतो. थंडीत पडत नाही.

माझी मुलगी त्या दोन-तीन वर्षांत वाढत होती. दर महिन्याला मी तिला माझ्याजवळ उभी करून बघायची, केस विंचरायच्या निमित्तानं. तिला वाटायचं, आईला वेणी घालायची हौस आहे. ती माझ्या खांद्यापर्यंत आली आणि थांबली, बापाच्या घरच्यांसारखी बुटकी. तो खांदासुद्धा माझा वाकलेला. ती थांबली हे नक्की झालं तेव्हा मला बरं वाटलं, आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. तिला बघायला आलेल्या पहिल्याच माणसांनी पसंत केली. जाताना त्यांच्यातली एक बाई माझ्याकडे बघून तिला हळूच विचारत होती, तुझ्या आईला लहानपणापासून असंच आहे का. ती म्हणाली, व्हय.